टेक्ट्रॉनिक्स ४६५ ऑसिलोस्कोप: कोल्हापुरात आठ महिने वापरल्यानंतर

ऑसिलोस्कोप, म्हणजे थोडक्यात स्कोप, हे विजेचा सिग्नल वेळेनुसार कसा बदलतो ते पडद्यावर दाखवणारं यंत्र. जुना ४६५ घेताना बाकी काही बंद असलं तरी चालेल, पिक्चर ट्यूब चांगली हवी. कपॅसिटर मिळतात, ट्रान्झिस्टरला पर्याय सापडतो, स्विच साफ होतात. ट्यूब गेली की दुसरा स्कोप फोडल्याशिवाय इलाज नाही. म्हणून विकणाऱ्याकडे खोलीत अंधार करून बघा. पडद्याच्या मध्यभागी आडवी करपलेली रेघ आहे का? ट्रेस, म्हणजे पडद्यावरची उजेडाची रेघ, बारीक होतो का? इंटेन्सिटी वाढवत नेली की चित्र फिकट होता होता आकारानं फुगत असेल, तर दोष हाय व्होल्टेजमध्ये असण्याची शक्यता जास्त, आणि तो दुरुस्त होऊ शकतो. आकार तसाच राहून नुसतं फिकट, पुसट दिसत असेल तर ट्यूबच थकली आहे. तो सौदा सोडून द्या.

१९७२ साली बाजारात आलेला हा १०० मेगाहर्ट्झचा, दोन चॅनेलचा स्कोप. चॅनेलची संवेदनशीलता ५ मिलीव्होल्ट प्रति डिव्हिजन (पडद्यावरची एक चौकट), सर्वांत वेगवान स्वीप, म्हणजे ट्रेसची डावीकडून उजवीकडची धाव, डिव्हिजनला ५० नॅनोसेकंद, आणि १० पट मॅग्निफायर ओढला की ५ नॅनोसेकंद. पन्नास वर्षांपूर्वीच्या यंत्राचे हे आकडे आजही कामाचे आहेत. त्याहून मोलाचं म्हणजे त्याचं सर्व्हिस मॅन्युअल. प्रत्येक सर्किट कसं चालतं, कुठल्या बिंदूवर किती व्होल्टेज हवं, कुठला प्रीसेट (आतला बारीक जुळणीचा स्क्रू) कशासाठी, सगळं लिहिलेलं आहे. ते छापून हाताशी ठेवल्याशिवाय झाकण उघडू नका.

वीज देण्याआधी मागची बाजू तपासा. ११५/२३० व्होल्टच्या निवडीखेरीज तिथं व्होल्टेजच्या कमी, मध्यम, जास्त अशा पट्ट्यांची वेगळी निवड असते. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या बाजूला कारखाने थांबल्यावर रात्री व्होल्टेज चढतं, तिथं 'जास्त' पट्टीच बरी. कमी पट्टीवर ठेवलात तर रेग्युलेटरच्या (व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या सर्किटच्या) ट्रान्झिस्टरवर जादा व्होल्टेज पडतं आणि सगळी उष्णता मागच्या हीटसिंकला सोसावी लागते. आतला पंखा म्हाताऱ्या यंत्रात बहुतेक वेळा सुस्तावलेला असतो. त्याच्या बेअरिंगला शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब पुरतो. दोन घातलेत तर धूळ चिकटते.

पहिल्यांदा चालू करताना पुष्कळ जण १०० वॅटचा बल्ब सिरीजमध्ये लावतात. त्यातून ट्रान्सफॉर्मर किंवा रेक्टिफायर शॉर्ट आहे की नाही एवढंच कळतं. बल्ब मध्ये असताना रेल, म्हणजे आतल्या सर्किटांना मिळणारी ठरावीक व्होल्टेज, पूर्ण येत नाहीत, आणि मग नसलेला दोष शोधण्यात अख्खी संध्याकाळ जाते. बल्ब मंद राहिला की तो काढा, थेट २३० वर लावा आणि रेल मोजा: +११०, +५५, +१५, +५ आणि -८ व्होल्ट. सुरुवात +५५ पासूनच, कारण बाकीचे रेग्युलेटर त्याच्याच आधारावर चालतात. तो हलला की सगळे हलतात. एखादी रेल थोडी इकडेतिकडे दिसली म्हणून लगेच +५५ चा प्रीसेट फिरवू नका. तो फिरवला की स्कोपचं सगळंच कॅलिब्रेशन सरकतं.

एखादी रेल शून्याजवळ बसली असेल तर पहिला संशय टँटलम कपॅसिटरवर. वाटाण्याएवढे हे थेंब बोर्डावर जागोजागी आहेत आणि ते जातात ते शॉर्ट होऊनच. एकेक उपटून तपासायची गरज नाही. स्कोप बंद करा, प्लग काढा, आणि मेलेल्या रेलवर बाहेरच्या पॉवर सप्लायनं अर्धा व्होल्ट द्या, करंटची मर्यादा १ अँपिअर ठेवा. अर्ध्या व्होल्टला सिलिकॉन ट्रान्झिस्टर चालत नाहीत, त्यामुळे जवळजवळ सगळा करंट शॉर्टमधूनच जातो. आता मल्टिमीटर मिलीव्होल्टवर घेऊन बोर्डावरच्या त्या रेलच्या तांब्याच्या रेघेवर पुढे पुढे सरका. आकडा उतरत जातो आणि जिथं सर्वांत कमी येतो तिथला कपॅसिटर गुन्हेगार. +१५ च्या रेलवर बदलताना ३५ व्होल्टचा घ्या. मूल्य तेच ठेवा आणि धन टोक दोनदा बघा.

मोठ्या फिल्टर कपॅसिटरच्या बाबतीत मात्र घाई नको. ते जुने दिसतात म्हणून सरसकट बदलणारे लोक स्वतःच नवे दोष घालून ठेवतात. आधी रिपल, म्हणजे डीसी व्होल्टेजवर उरलेली एसीची लाट, मोजा. रेल मॅन्युअलच्या मर्यादेत असेल तर हात लावू नका. रिपल १०० हर्ट्झला वाढला असेल तर तो बदलावाच लागतो, आणि इथं एक खोच आहे. मूळ कॅनला बाहेरून अनेक पाय असतात, ते सगळे ग्राउंडचे, आणि बोर्डावरचं ग्राउंड त्या पायांमधूनच पुढे जातं. दोन पायांचा नवा कपॅसिटर बसवलात की ग्राउंड मध्येच तुटतं आणि ट्रेसवर गुणगुण दिसायला लागते. म्हणून जुन्या पायांची सगळी भोकं जाड तारेनं जोडा, मगच नवा बसवा.

सर्वांत जास्त वेळ खातात ते अटेन्युएटर (सिग्नल ठरावीक पटीनं लहान करणारा भाग) आणि टाइमबेस (स्वीपचा वेग ठरवणारा भाग) यांचे कॅम स्विच. व्होल्ट/डिव्हिजनचं बटण फिरवताना ट्रेस उडतो, एखाद्या जागी सिग्नल अर्धाच दिसतो, बटण जरा दाबलं की नीट होतो, हे सगळं संपर्काचं दुखणं. आत सोन्याचा मुलामा दिलेल्या बारीक पात्या आहेत. त्यांच्यावर तेलकट स्प्रे मारू नका आणि पॉलिश पेपर तर अजिबात नको, मुलामा इतका पातळ असतो की दोन घासण्यांत जातो. न चकाकणाऱ्या जाड कागदाची ४ मिलिमीटर रुंदीची पट्टी कापा, टोक आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवा. स्विच अशा जागी ठेवा की ती पाती मिटलेली असेल. पातीच्या टोकाला सुईनं किंचित उचलून पट्टी आत सरकवा, पाती सोडा, आणि पट्टी पातीच्या टोकाच्या दिशेनं हळू ओढून घ्या. कागदावर करडी रेघ उमटते. दुसरी पट्टी, तिसरी पट्टी, रेघ येईनाशी होईपर्यंत. पट्टी उलट दिशेनं ओढलीत तर पाती वाकते आणि ती पुन्हा सरळ करणं फार अवघड. एका चॅनेलला दोन तास धरून चला.

ट्रान्झिस्टर बरेचसे सॉकेटमध्ये आहेत. एकेक काढून परत बसवला तरी निम्म्या विचित्र तक्रारी जातात. ज्या आयसीचा क्रमांक १५५ नं सुरू होतो तिला मात्र जपा. ती टेक्ट्रॉनिक्सची स्वतःची आहे, बाजारात तिला पर्याय नाही, आणि ती जर मेली असेल तर दुसरा मोडका ४६५ शोधण्याखेरीज मार्ग नाही.

बटणांचे स्क्रू १/१६ इंचाच्या ॲलन कीचे आहेत. १.५ मिलिमीटरची की बसल्यासारखी वाटते, पण घसरून भोक गोल करते. बाकीचे स्क्रूही ६-३२ आणि ४-४० आट्यांचे, त्यांत मेट्रिक स्क्रू कोंबू नका. मागचे प्लास्टिकचे पाय तुटलेले असले तर उद्यमनगरात नायलॉनच्या रॉडमधून लेथवर करून मिळतात. नमुना सोबत न्या.

आता पावसाळा. जून ते सप्टेंबर इथं हवा ओली असते. ट्यूबच्या कॅथोडला सुमारे -२४५० व्होल्ट, आणि कॅथोड ते अॅनोड मिळून १८ किलोव्होल्टच्या आसपास ताण असतो. त्या भागातल्या धुळीनं ओल धरली की गळती सुरू होते, फोकस सकाळी एक आणि दुपारी दुसरा. आत सफाई करायची तर एप्रिल-मेच्या कोरड्या दिवसांत, प्लग काढून, अॅनोड डिस्चार्ज करून, मऊ ब्रश आणि अल्कोहोलनं. पावसाळ्यात चार दिवसांतून एकदा अर्धा तास चालू ठेवणं आणि एरवी झाकून ठेवणं पुरतं. आठ महिन्यांत ट्रेस पुन्हा हलण्याची तक्रार फक्त जुलैत आली, आणि ती सॉकेटमधल्या एका ट्रान्झिस्टरचे पाय पुसल्यावर गेली.

कॅलिब्रेशन तपासायला बाहेरचं महागडं यंत्र लागत नाही. पुढच्या पॅनेलवरचा कॅलिब्रेटर ३०० मिलीव्होल्टचा चौकोनी सिग्नल देतो. ५० मिलीव्होल्ट प्रति डिव्हिजनवर तो बरोबर ६ डिव्हिजन भरला पाहिजे. १०:१ प्रोब (सिग्नल दहापट लहान करून आत देणारी तार) लावला तर ५ मिलीव्होल्टवर पुन्हा ६, आणि त्याच वेळी प्रोबचा ट्रिमर फिरवून कोपरे चौकोनी करून घ्या. टाइमबेससाठी १० मेगाहर्ट्झचा क्रिस्टल ऑसिलेटर घ्या, ०.१ मायक्रोसेकंदवर प्रत्येक डिव्हिजनला एक आवर्तन बसायला हवं. विजेच्या ५० हर्ट्झवर भरवसा ठेवू नका, ते हलतं.

रोजच्या वापरात हा स्कोप सर्वांत उजवा ठरतो तो स्विचिंग सप्लाय आणि ऑडिओ ॲम्प्लिफायरवर. किती वेळा काय घडतंय ते ट्रेसच्या उजळपणातच दिसतं, ट्रिगरचं होल्डऑफ (पुढचा स्वीप सुरू होण्याआधीचा थांबा) फिरवलं की गुंतागुंतीची पल्सही थांबते. एकदाच घडून जाणारी घटना मात्र तो पकडू शकत नाही. तिथं स्वस्तातला डिजिटलच घ्या.

मोटारच्या ड्राइव्हवर किंवा थेट मेन्सवर काम करताना अर्थचा पिन कापून स्कोप 'तरंगता' ठेवायची सवय बऱ्याच वर्कशॉपमध्ये आहे. ती सोडा. पिन कापला की स्कोपच्या अख्ख्या पत्र्यावर तुमच्या सर्किटचं व्होल्टेज येतं आणि तुमचा हात बटणावर असतो. इनपुटची मर्यादा २५० व्होल्ट, डीसी अधिक एसीचं शिखर मिळून. त्याच्या वर १००:१ चे दोन सारखे प्रोब घ्या, दोन्ही चॅनेल एकाच मापावर ठेवा, चॅनेल २ उलटा करा आणि 'ॲड' दाबा. प्रोबच्या ग्राउंड क्लिप एकमेकींना जोडा, सर्किटला लावू नका.