विश्रामबागेतले आमचे फॅमिली डॉक्टर: वर्षभराच्या वापरानंतर

सांगलीत राहून फॅमिली डॉक्टर लागतो कशाला, असं आमच्या सोसायटीत बऱ्याच जणांचं मत आहे. मिरज हाकेच्या अंतरावर. डॉ. वानलेस या मिशनरी साहेबांनी १८९४ साली तिथं मिशन हॉस्पिटल काढलं, तेव्हापासून पार कर्नाटकातून पेशंट मिरजेला येतात. मग आपण तर शेजारीच. गुडघा दुखला की गुडघ्याचा डॉक्टर, साखर वाढली की साखरेचा, छातीत धडधडलं की हृदयाचा. प्रत्येकाची वेगळी फाईल आणि वेगळी चिठ्ठी. या सगळ्या चिठ्ठ्या एकत्र वाचणारा मात्र कुणीच नाही.

आमचे जुने डॉक्टर गावभागात, म्हणजे सांगलीच्या जुन्या वस्तीत होते. २०१९ च्या पुरात त्यांच्या दवाखान्यात पाणी शिरलं, केसपेपर गेले आणि थोड्याच दिवसांत त्यांनी प्रॅक्टिसही थांबवली. नवा डॉक्टर शोधताना मी आधी पाटी नीट वाचायला लागलो. आईच्या सगळ्या गोळ्या ॲलोपॅथीच्या, म्हणून एमबीबीएस हवा होता. चिठ्ठीवर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक आहे का, हेही पाहत होतो. तो छापणं बंधनकारक आहे, पण तो बघतो कोण! एका चकचकीत पॉलिक्लिनिकमध्येही काही दिवस जाऊन पाहिलं. एसी, टोकन, सगळं उत्तम, पण दर वेळी खुर्चीत नवा चेहरा आणि आईची कहाणी पुन्हा पहिल्यापासून. शेवटी जे निवडले ते डॉक्टर साठीच्या आसपासचे, स्वतःचा दोन खोल्यांचा दवाखाना, कुठल्या हॉस्पिटलशी बांधलेले नाहीत. स्वतःचं मेडिकल नाही, लॅबही नाही. फी अडीचशे.

पहिल्या भेटीत त्यांनी आईला सांगितलं, "काकू, घरात आहेत तेवढ्या सगळ्या गोळ्या घेऊन या. चिठ्ठ्या नकोत, गोळ्या." आईनं साडीच्या दुकानाची पिशवी भरून नेली आणि टेबलावर ओतली. डॉक्टर एकेक पाकीट उलटं करून मागची बारीक अक्षरं वाचत होते आणि पाकिटांचे गठ्ठे लावत होते. एका गठ्ठ्यात दोन पाकिटं आली. नावं वेगळी, कंपन्या वेगळ्या. एकात टेल्मिसार्टन ४० हे बीपीचं औषध, दुसऱ्यात तेच टेल्मिसार्टन ४० आणि सोबत ॲम्लोडिपिन, तेही बीपीचंच. दोन वेगवेगळ्या डॉक्टरांनी दिलेल्या, आई दोन्ही इमानदारीनं घेत होती. त्यांनी आईचं बीपी बसवून घेतलं, मग उभं करून पुन्हा घेतलं. उभं राहिल्यावर वरचा आकडा वीसपेक्षा जास्त खाली आला. सकाळी उठताना घेरी येते म्हणून आम्ही मानेचा एक्सरे काढून बसलो होतो, ती घेरी इथून येत होती. एक गोळी बंद झाली आणि घेरी हळूहळू गेली.

त्याच पिशवीत गुडघ्यासाठीच्या वेदनाशामक गोळ्याही निघाल्या. बीपीच्या गोळ्यांबरोबर त्या रोज घेतल्या तर किडनीवर ताण येतो, म्हणून क्रिएटिनिन तपासायला सांगितलं. मेटफॉर्मिन ही साखरेची गोळी वर्षानुवर्षं चालू आहे, तिनं बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकतं, म्हणून तेही. साखरेसाठी एचबीए१सी, तो साधारण तीन महिन्यांची सरासरी दाखवतो, त्यामुळे तपासणीच्या आदल्या आठवड्यात गोड बंद करण्याची आईची युक्ती तिथं चालली नाही. बी-१२ कमीच निघालं.

पावसाळ्यात मुलाला ताप आला. डॉक्टरांनी आधी विचारलं, साचलेल्या पाण्यात किंवा शेतात अनवाणी गेला होता का? आपल्याकडं पुरानंतर लेप्टोची, म्हणजे घाण पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या तापाची भीती असते. तसं काही नव्हतं. घसा पाहिला, वजन करून पॅरासिटामॉलचा डोस लिहून दिला आणि तिसऱ्या दिवसानंतरही ताप राहिला तर रक्त तपासू म्हणाले. अँटिबायोटिक नाही, इंजेक्शन नाही. सासूबाई नाराज. "एवढे पैसे देऊन नुसती तापाची गोळी?" दोन दिवसांत ताप उतरला तरी त्यांचं समाधान झालं नाही ते नाहीच. ज्यांना सुई टोचल्याशिवाय गुण येत नाही, त्यांनी या दवाखान्याच्या वाटेला जाऊ नये.

गुडघ्यासाठी ऑर्थोपेडिककडे पाठवायची वेळ आली तेव्हा त्यांनी दोन नावं सांगितली आणि कुणाकडे जायचं ते तुम्ही ठरवा म्हणाले. कट प्रॅक्टिसचे, म्हणजे पेशंट पाठवल्याबद्दल कमिशन घेण्याचे, किस्से ऐकून कान किटलेल्या माणसाला हे फार मोठं वाटतं. सोबत अर्ध्या पानाचं पत्र: चालू गोळ्या, क्रिएटिनिनचा आकडा, काय देऊ नये. ऑर्थोपेडिकनं ते वाचलं आणि वेगळं औषध दिलं.

आता तक्रारी. अपॉइंटमेंट नावाची गोष्टच नाही. सोमवारी संध्याकाळी गेलात तर तासभर बाकावर, आणि कंपाउंडर ओळखीच्यांना पुढे सोडतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. व्हॉट्सॲपवर रिपोर्ट पाठवला तर उत्तर येत नाही. रविवार बंद. बोलणं तुटक, बाबांनी तंबाखूवरून दोन बोलणी खाल्ली आणि त्यानंतर महिनाभर त्यांनी दवाखान्याचं तोंड पाहिलं नाही. रात्रीचं काही झालं तर उपयोग शून्य. हे त्यांनी स्वतःच सांगितलंय: छातीत दुखलं, तोंड वाकडं झालं तर मला फोन लावत बसू नका, १०८ ला लावा. आमच्या मेडिक्लेममधून ही फी मिळत नाही, सगळं खिशातून जातं. पण गोळ्यांचं महिन्याचं बिल उतरलंय, त्यामुळे हिशोब जुळतो.

दिवाळीत आठवडाभर दवाखाना बंद होता. दारावर पर्यायी डॉक्टरांचं नाव आणि पत्ता चिकटवला होता, म्हणून बाबांचा खोकला घेऊन तिथं गेलो. तर त्यांच्याही दाराला कुलूप, आणि त्यावर आमच्याच डॉक्टरांचं नाव.