टेनिस एल्बोचा पट्टा: उन्हाळा आणि पावसाळा काढल्यानंतर

टेनिस एल्बो म्हणजे कोपराच्या बाहेरच्या बाजूचं दुखणं, आणि हा त्यासाठी कोपराखाली बांधायचा पट्टा. उशी शाबूत, शिलाई शाबूत, इलॅस्टिक अजून ताणदार. मेला तो फक्त व्हेल्क्रो. मुंबईच्या दमट हवेत पट्टा रात्रभर वाळत नाही, तसाच बॅगेत जातो, नॅपकिनचे तंतू व्हेल्क्रोच्या बारीक आकड्यांत अडकतात आणि बारबेल रोच्या (वाकून वजनाचा दांडा पोटाकडे ओढण्याच्या) ऐन सेटमध्ये 'चर्र' करून सुटतो. कंपनीचं उत्तर: व्हेल्क्रो हा झिजणारा भाग, वॉरंटीत बसत नाही. मग या पट्ट्यात दुसरं आहे तरी काय?

नवा घेण्याआधी हे करा. जुन्या टूथब्रशने आकडे साफ करा, पट्टा व्हेल्क्रो बंद करून धुवा, पंख्याखाली वाळवा. तरीही सुटत असेल तर लेस-बटणांच्या दुकानात व्हेल्क्रो मीटरवर मिळतो. पट्ट्याच्या रुंदीचा वीतभर तुकडा घ्या आणि स्टेशनबाहेरच्या चांभाराकडून शिवून घ्या. गोंदाने चिकटवू नका, घामाने निघतो. पट्ट्याच्या किमतीपुढे हा खर्च किरकोळ.

आता कामाबद्दल. कोपराच्या बाहेरच्या हाडावर बांधला तर पैसे पाण्यात. हाडापासून दोन बोटं खाली, मनगटाच्या बाजूला, मूठ आवळल्यावर जो स्नायू फुगतो त्यावर उशी यायला हवी. हात सैल असताना एक बोट आत सरकेल इतकाच घट्ट. बोटांना मुंग्या आल्या की लगेच सैल करा, दोन सेटच्या मधल्या वेळात तर करायचाच. नीट बसला की पकडीचा त्रास बराच उतरतो. तेवढ्यावर सुरुवातीला चार तारे दिले होते.

आता तीन तारे. पट्टा सोडला की दुखणं परत, कारण तो ताण फक्त हलवतो, स्नायूबंध (स्नायू हाडाला जोडणारा दोर) मजबूत करत नाही. ते काम फुकटात होतं: हात टेबलावर पालथा, मनगट कडेबाहेर, मुठीत एक लिटरची भरलेली बाटली. दुसऱ्या हाताने मनगट वर उचलायचं, मग चार सेकंदांत हळू खाली सोडायचं. 15 चे 3 सेट, एक दिवसाआड. दुखणं दहापैकी तीन-चारपर्यंत चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते वाढलेलं असेल तर बाटली अर्धी करा. फरक आठवड्यांत नाही, महिन्यांत मोजायचा.

आणि मूळ भानगड जिमच्या रॅकवर आहे. 7.5 किलोनंतर थेट 10 चं डंबेल, म्हणजे 33 टक्क्यांची उडी! त्यापेक्षा इझी बारला (नागमोडी दांड्याला) दोन्हीकडे सव्वा-सव्वा किलोच्या प्लेट लावा, दोन हातांत मिळून अडीचच किलो वाढतात. रो करताना पालथ्या पकडीऐवजी तळवे समोरासमोर ठेवा, जड सेटला लिफ्टिंग स्ट्रॅप (मनगटातून दांड्याला गुंडाळायची पट्टी) वापरा. रिव्हर्स कर्ल (पालथ्या पकडीने कोपर वाकवून वजन उचलणं) काही काळ बंद. जिमनंतर लोकलमध्ये वरची कडी दुखऱ्या हाताने आवळून धरू नका, तोही सेटच आहे.

कोपराच्या पुढच्या बाजूला अचानक 'टक' झालं, काळंनिळं पडलं आणि तळवा उताणा फिरवताना जोर लागेना, तर पट्टा विसरा. बायसेप्सचा स्नायूबंध तुटलेला असू शकतो, त्याच दिवशी अस्थितज्ज्ञ गाठा.

दुसरा घ्यायचाच झाला तर व्हेल्क्रोची लांबी बघून घ्या. निम्म्या पट्ट्यावर तरी मऊ बाजू हवी, म्हणजे एक जागा झिजली की पुढे सरकवता येतो.