फ्रेंच वाइन दुकानात भरताय? आधी हे वाचा

पुण्यात एफएल-टू (किरकोळ विक्रीच्या) लायसन्सवर वाइन शॉप चालवणाऱ्या आणि फ्रेंच वाइनचा कप्पा सुरू करायचं ज्यांच्या मनात आहे, त्यांच्यासाठी लिहितोय. आमच्याकडे जे झालं त्यात एकही बाटली नकली नव्हती. लेबल खरं, बूच खरं, आयातदाराचा स्टिकर खरा, माल एफएल-वनवाल्या ठोक विक्रेत्याकडून रीतसर टीपीवर (वाहतूक परवान्यावर) आलेला. तरीही माल आणि आगाऊ रक्कम मिळून साडेनऊ लाखांना चुना लागला. नकली माल कसा ओळखायचा हे आपल्या धंद्यात पोऱ्यालाही माहीत असतं. खऱ्या मालाने कसं गंडवतात, हे कोणी सांगत नाही.

आमचं लायसन्स आजोबांच्या काळातलं. दुकान आधी पेठेत होतं, नंतर बाणेरला हलवलं. गल्ला भरतो तो व्हिस्की, रम आणि बिअरवर. वाइनमध्ये नाशिकचा माल नेमाने जातो, अकलूजचाही जातो. पण इकडे बालेवाडी-हिंजवडीचं गिऱ्हाईक वाढलं आणि ‘बोर्दो आहे का’, ‘बर्गंडी ठेवता का’ (दोन्ही फ्रान्समधले वाइनचे प्रदेश) असं रोज कोणी ना कोणी विचारायला लागलं. ही मागणी खरी आहे, आणि गंडवणाऱ्या माणसांना आधी तीच दिसते.

आम्हाला गंडवणारा गृहस्थ ‘वाइन कन्सल्टंट’ असं छापलेलं कार्ड घेऊन आला. अस्सल मराठी, बोलायला साखर. “दादा, मराठी माणसाने जन्मभर क्वार्टरच विकत बसायच्या का?” हे त्याचं ठरलेलं वाक्य, नंतर कळलं की सगळीकडे तो तेच टाकतो. त्याचं म्हणणं असं, की आयातदार त्याच्या ओळखीचा, निवड तो करून देणार, माल ठोक विक्रेत्याच्या बिलावर येणार, आणि त्याचं कमिशन आयातदार बघून घेईल. आम्ही त्याला एक पैसा द्यायचा नाही. कमिशन दुसऱ्याकडून घेणारा निवड आपल्यासाठी कशाला करेल, हे गणित तो एवढ्या गोड बोलण्यात बुडवून टाकायचा.

चव दाखवायला घरी आला. दुकानात ग्लास भरायची सोय आपल्या लायसन्सवर नसते, त्यामुळे घरीच. फोमच्या पेटीतून स्वतःचे ग्लास काढले, बाटली तासभर आधी उघडायला लावली. बोर्दोतल्या सेंत-एमिलिओं गावची २०१६ ची ग्रां क्रू क्लासे. रम सोडून कशाला हात न लावणाऱ्या आमच्या बाबांनीसुद्धा दुसऱ्यांदा ग्लास पुढे केला. बाटली उत्तमच होती. त्या एका बाटलीवर त्याने पुढची सगळी विक्री केली.

यादी व्हॉट्सअ‍ॅपवर आली. त्यात होतं, ‘सेंत-एमिलिओं ग्रां क्रू, लाल’. शातोचं, म्हणजे मळ्याचं, नाव नाही, साल नाही. फोनवर म्हणाला, “तोच माल, दादा. काल घेतला तोच.” पेट्या उतरल्या तेव्हा लेबलावर तेच होतं, सेंत-एमिलिओं ग्रां क्रू. फक्त शातो वेगळा, नाव ऐकायला अर्धं सारखं, आणि साल २०१३.

इथे जरा थांबून सांगतो, कारण खरी मेख इथेच आहे. सेंत-एमिलिओंमध्ये ‘ग्रां क्रू’ ही पदवी नाही. ते एका आपेलासियोंचं, म्हणजे कायद्याने ठरवलेल्या उगमक्षेत्राचं, नाव आहे. उत्पादन थोडं कमी ठेवा, वाइन थोडी जास्त काळ मुरवा, ठरलेले नियम पाळा, की ते छापता येतं, आणि शेकडो मळे ते छापतात. त्यापुढे ‘क्लासे’ आलं तर गोष्ट वेगळी. ती वर्गवारी १९५५ पासून आहे, साधारण दर दहा वर्षांनी नव्याने लागते, आणि २०२२ च्या यादीत ८५ शातो आहेत. बर्गंडीत मात्र ‘ग्रां क्रू’ म्हणजे खरोखर सर्वांत वरच्या दर्जाचे मोजके मळे. म्हणजे तेच दोन शब्द एका गावात शिखर आणि दुसऱ्या गावात पायथ्याच्या जरा वर. ‘ग्रां व्हँ द बोर्दो’ला तर दर्जाच्या दृष्टीने कायद्यात काहीच वजन नाही, ते सोनेरी अक्षरात कोणीही छापतं.

आमचा हा कन्सल्टंट तर ‘१८५५ पासूनचं ग्रां क्रू’ असं म्हणायचा. १८५५ ची यादी तिसऱ्या नेपोलियनच्या काळात पॅरिसच्या प्रदर्शनासाठी झाली. तिच्यात लाल वाइन बोर्दोतल्याच मेदोक भागाच्या, शिवाय ग्राव्हमधला एकटा ओ-ब्रियों, आणि गोड वाइन सोतेर्न-बार्साकच्या. सेंत-एमिलिओं त्या यादीत नाहीच. जो माणूस १८५५ आणि सेंत-एमिलिओं एका वाक्यात घालेल, त्याला तिथेच चहा पाजून वाटेला लावा.

आणि सारख्या नावांचं म्हणाल तर तिथे ते बेकायदा नसतं. सेंत-एमिलिओंतली फिजाकची मोठी जहागीर एकोणिसाव्या शतकात तुकड्यातुकड्यांनी विकली गेली, म्हणून आजही आजूबाजूच्या कितीतरी मळ्यांच्या नावात फिजाक आहे. शेव्हाल ब्लां हे बडं नावसुद्धा त्याच जमिनीतून निघालेलं. त्या मळेवाल्यांचा यात काही दोष नाही. दोष दाखवायला एक आणि उतरवायला दुसरं आणणाऱ्याचा.

सालाचं असंच. बोर्दोमध्ये २०१३ हे अलीकडचं फार वाईट साल. थंड, ओला वसंत, फुलोरा धड धरला नाही, आणि तोडणीच्या सुमाराला कूज. चांगल्या शातोंनीही त्या वर्षी हलकी, लवकर पिऊन संपवायची वाइन केली. साध्या मळ्याची २०१३ इतक्या वर्षांनी विकायला येते, ती मुरली म्हणून येत नाही. युरोपात कोणी उचलत नाही म्हणून येते. २०१५, २०१६ ही सालं खणखणीत. सॅम्पल कुठल्या सालाचं होतं ते वर सांगितलंच आहे.

बर्गंडीच्या नावाने जे आलं ते तर बघण्यासारखं. बाटलीचा आकार बर्गंडीचा, उतरत्या खांद्यांचा. पुढच्या लेबलावर जुन्या दगडी इमारतीचं चित्र आणि मोठ्या अक्षरात पिनो न्वार, हे बर्गंडीचं लाल वाइनचं द्राक्ष. खाली बारीक टायपात बोन गावचा पत्ता, पिनकोड २१२००. बोन म्हणजे बर्गंडीच्या व्यापाराची राजधानी, त्यामुळे गिऱ्हाईकही खूश. पण आपेलासियोंच्या जागी छापलेलं होतं ‘व्हँ द फ्रान्स’. द्राक्षं फ्रान्समध्ये कुठलीही, दक्षिणेकडचीसुद्धा. बोनचा होता तो फक्त व्यापारी. २००९ पासून व्हँ द फ्रान्सच्या लेबलावर द्राक्षाचं नाव आणि साल छापायला परवानगी मिळाली, त्यामुळे आता ही बाटली दिसायला भारदस्त असते. मार्केट यार्डात देवगडच्या खोक्यात कर्नाटकचा हापूस भरतात, त्यातली गत. फरक इतकाच, की इथे खोक्यावरसुद्धा खरं लिहिलेलं होतं. वाइन म्हणून ती वाईटही नव्हती, पण आम्ही पैसे मोजले बर्गंडीचे.

भाव का लपतो तेही बघा. आम्ही माल घेतला तेव्हा आयात वाइनवर सीमाशुल्क आणि कृषी उपकर मिळून १५० टक्के होतं. न्हावाशेव्याला तीनशे रुपयांना उतरलेली बाटली हे दोन्ही भरल्यावर साडेसातशेची व्हायची, मग राज्याचे कर, आयातदार, ठोक विक्रेता, आपण. शेल्फवर ती दोन हजारांच्या आसपास दिसली तर गिऱ्हाईक म्हणतं, दोन हजारांची वाइन म्हणजे भारीच असणार. किंमत दर्जाबद्दल काही सांगत नाही, आणि असले दलाल त्यावरच जगतात.

बोजोले नूव्होच्या पेट्या त्याने ‘स्कीम’मध्ये दिल्या, दहावर एक. आपल्याला स्कीम म्हटलं की हात आपोआप पुढे होतो. ही वाइन दर नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी बाजारात येते आणि पुढच्या काही महिन्यांत ताजी ताजी प्यायची असते. आम्हाला आली ती दोन हंगाम जुनी. वाइनवर सहसा एक्स्पायरी डेट नसते, त्यामुळे कागदोपत्री कोणाला बोट ठेवता येत नाही. सोबत प्रोव्हान्सची रोझे होती, पांढऱ्या काचेतली. ती फिकट गुलाबी असायला हवी, आमच्यावाली कांद्याच्या सालीच्या रंगाला गेलेली. काच पांढरी असली की रंग निदान बाहेरून दिसतो, लाल वाइनमध्ये तेवढंही दिसत नाही.

लाल वाइनचं आमचे एक जुने गिऱ्हाईक, मर्चंट नेव्हीतून निवृत्त झालेले काका, त्यांच्यामुळे उघड झालं. अर्धी बाटली आणि बूच कागदात गुंडाळून घेऊन आले. म्हणाले, “बाळा, पैसे परत नकोत. पण बूच बघ.” बुचाच्या एका बाजूने खालून वरपर्यंत लाल रेघ गेलेली, आणि वासाला शिजवलेल्या मनुका. मग आम्ही उरलेल्या पेट्या उघडून पाहिल्या. काही बाटल्यांची बुचं काठाच्या वर आलेली, टोपणाखाली चिकट. टोपण अंगठ्याने फिरवून बघायचं. सुटं फिरलं तर बरं, घट्ट चिकटलं असेल तर खाली वाइन पाझरलेली असू शकते. (काही टोपणं मुळातच घट्ट बसवलेली असतात, त्यामुळे नुसत्या त्यावर निकाल देऊ नका. बुचाची उंची आणि बाटलीतली पातळी, दोन्ही बघा. एकाच पेटीत पातळी खालीवर असेल तर शंका घ्या.) चौकशी केली तेव्हा कळलं, की माल आमच्याकडे येण्याआधी अख्खा उन्हाळा फुरसुंगीकडच्या एका पत्र्याच्या गोडाऊनमध्ये पडून होता. बारा-पंधरा अंशांत ठेवायची वस्तू, आणि पुण्याचा एप्रिल चाळिशीला टेकलेला.

आता आगाऊ रकमेचं. ‘प्रिमर’ नावाची पद्धत बोर्दोत खरोखर आहे. वाइन अजून पिंपात असताना वसंतात बुकिंग होतं, आणि बाटल्या साधारण दोन वर्षांनी हातात येतात. त्याने आमच्याकडून बुकिंगचे म्हणून पैसे घेतले ते स्वतःच्या खात्यावर. एफएल-टूवाल्याने माल एफएल-वनकडूनच घ्यायचा असतो, आणि महाराष्ट्रात विकायच्या प्रत्येक लेबलाला राज्य उत्पादन शुल्क खात्याची मंजुरी लागते. म्हणजे त्याच्या खात्यावर भरलेल्या पैशांतून आमच्या शेल्फवर कायदेशीर बाटली यायचा रस्ताच नव्हता. पावती मागितली की “दादा, विश्वास नाही का?” आणि पावती मागणाराच ओशाळा व्हायचा.

जाब विचारला तेव्हा त्याने शांतपणे व्हॉट्सअ‍ॅपची यादी दाखवली. “जे लिहिलंय ते दिलंय.” ठोक विक्रेता म्हणाला, आम्ही बिलाप्रमाणे माल दिला, निवड तुमच्या माणसाची. आयातदाराने फोनच उचलला नाही. बोलाचीच कढी, बोलाचाच भात, आणि बिल मात्र खरं.

माल परत घ्या म्हणावं, तर टीपीवर आलेला आणि रजिस्टरला चढलेला माल किराण्यासारखा उलटा पाठवता येत नाही. ग्राहक आयोगाकडे जायचा विचार केला होता. तिथे वकिलांनीच थांबवलं, कारण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात पुनर्विक्रीसाठी माल घेणारा ‘ग्राहक’ धरला जात नाही. पोलिसांनी मालाबद्दल सांगितलं की हा व्यवहारातला वाद, दिवाणीत जा. खात्यावर घेतलेल्या रकमेचा अर्ज मात्र त्यांनी ठेवून घेतला. फसवणुकीचं पूर्वीचं ४२० आता भारतीय न्याय संहितेत कलम ३१८ आहे, अर्जात तेच लावलंय. बँकेचा उतारा आणि त्याचे व्हॉइस मेसेज होते म्हणून एवढं तरी झालं. तेव्हा मेसेज डिलीट करू नका, फोन बदललात तरी.

आता आम्ही काय करतो, तर सॅम्पलची रिकामी बाटली ठेवून घेतो आणि तिच्या पुढच्या-मागच्या लेबलांचे फोटो ऑर्डरच्या मेलला जोडतो. ऑर्डरमध्ये शातो किंवा उत्पादकाचं नाव, आपेलासियों जसं छापलंय तसंच्या तसं, साल, आणि बाटली कोणी भरली ते. ‘मी आं बुतेय ओ शातो’ असेल तर मळ्यावर भरलेली, नुसतं ‘पार’ आणि कोणा कंपनीचं नाव असेल तर बहुधा व्यापाऱ्याने भरलेली. व्यापाऱ्याची वाइन टाकाऊ असते असं मुळीच नाही, चांगले व्यापारी आहेत, पण भाव त्या हिशेबाने लावायचा. पदकाचं सांगितलं तर साल विचारायचं, कारण पदक त्या सालच्या त्या वाइनला असतं, शातोला जन्मभराचं नसतं. आणि टीपी निघायच्या आधी गोडाऊनला जाऊन एक पेटी उघडायची. ठोक विक्रेता कुरकुरतो. कुरकुरू दे.

त्या मालातली पिनो न्वार आम्ही गिऱ्हाइकाला खरं सांगून विकतोय, जातेही आहे. बोजोले आणि उकडलेली लाल तशीच पडून आहे. रजिस्टरवरची बाटली मनाला येईल तेव्हा मोरीत ओतता येत नाही, त्यासाठीही एक्साइजकडे अर्ज केलाय.

हा गृहस्थ सध्या लोणावळा आणि कोल्हापूरकडच्या दुकानांत फिरतोय असं कळतं. कार्डावरचं नाव बदललंय, ग्लासची फोमची पेटी तीच आहे. नाव इथे लिहीत नाही, प्रकरण पोलिसांत आहे. लायसन्सवाल्या कोणाला आमची बिलं, यादी आणि लेबलांचे फोटो ताडून बघायचे असतील तर दुकानात या, संध्याकाळची गर्दी सुरू व्हायच्या आधी.