मायक्रोवेव्ह गेला, आता एअर फ्रायर घेऊ की ओटीजी (ओव्हन-टोस्टर-ग्रिल)?

आमचा मायक्रोवेव्ह दिवाळीच्या तोंडावर गेला, मॅग्नेट्रॉन, म्हणजे त्यातल्या लहरी तयार करणारा भाग गेलाय म्हणाला रिपेअरवाला, खर्च ऐकून म्हटलं राहू दे, आणि मग नाशिकच्या मेन रोडपासून कॉलेज रोडपर्यंत दुकानं पालथी घातली.

आधी हे बघा की तुमच्याकडे तो लागतो कशाला. नुसतं गरम करायला ना, मग मायक्रोवेव्हला तोड नाही, तो पदार्थातलं पाणीच तापवतो त्यामुळे वाटीभर आमटी दीड मिनिटात वाफाळते. एअर फ्रायर म्हणजे कॉईल आणि पंखा, वरून गरम हवेचा मारा, त्यात मिसळीचा रस्सा ठेवलात तर वर सुकतो नि खाली कोमटच. पण पाव? मायक्रोवेव्हमधला पाव ताटात येईपर्यंत चिवट होतो, एअर फ्रायरमध्ये १६० डिग्रीला दोन-तीन मिनिटं, वरून खुसखुशीत आतून मऊ. कालची कोथिंबीर वडी तेलाचं बोट लावून १८० ला आठ-दहा मिनिटं, एकदम कुरकुरीत. भजी विसरा, ओलं पीठ जाळीतून गळतं. आणि मी शहाणी, नाशिककर म्हटल्यावर चिवडा आलाच, पातळ पोहे भाजायला टाकले तर पंख्याने उडून वर कॉईलला चिकटले, दोन दिवस जळका वास!

ओटीजी प्रीहीटलाच १०-१५ मिनिटं खातो. नानकटाई, केक नेहमी करत असाल तरच घ्या.

कॅफेत मिनिट-दोन मिनिटात सँडविच भाजून देतात ना, ते ओव्हन मायक्रोवेव्ह आणि गरम हवेचे झोत एकदम मारतात. घरी त्याच्या जवळचं म्हणजे कन्व्हेक्शन (गरम हवा फिरवणारा) मायक्रोवेव्ह, दोन्ही कामं करतो पण ओटा अडवतो, आणि कन्व्हेक्शनवर प्रीहीट आहेच.

एक गोष्ट दुकानदार सांगत नाहीत, १५०० वॅटचा एअर फ्रायर म्हणजे साडेसहा अँपिअर, ६ अँपच्या छोट्या सॉकेटवर लावू नका. सिडकोतल्या आमच्या जुन्या घरात किचनला १६ अँपचा पॉइंट एकच, त्यावर फ्रिज, म्हणजे वायरमनचा खर्च वेगळा. वीज तशी फार नाही, २० मिनिटाला जास्तीत जास्त अर्धं युनिट.

मी शेवटी ४ लिटरचा एअर फ्रायर घेतला. चौघांना दोन घाणे लागतात, रस्सा गॅसवर. सासूबाई मात्र अजून रात्री दुधाचा कप घेऊन त्या रिकाम्या कोपऱ्यापर्यंत जातात आणि परत येतात.