कूबर पेडीत ओपल घेणार असाल तर आधी हे वाचा

मुलांकडे ऑस्ट्रेलियाला गेलं की सिडनी मेलबर्न बघून होतं आणि मग उलुरूचं, म्हणजे तिथल्या त्या प्रचंड लाल खडकाचं, नाव निघतंच, आणि अॅडलेडवरून गाडीने निघालात तर वाटेत कूबर पेडी लागतं. तिथे ओपल, म्हणजे रंग खेळवणारं रत्न, घ्यायचा मोह होणार हे गृहीत धरूनच लिहितेय. आमचे 1,400 डॉलर गेले, म्हणजे आपले पाऊण लाखाच्या वर.

आमचे हे एमएसईबीतून रिटायर झाले तेव्हाच त्यांची बकेट लिस्ट तयार होती, त्यात उलुरू पहिल्या नंबरवर. वर चढायला 2019 च्या ऑक्टोबरपासून बंदी आहे हे कळल्यावर जरा हिरमुसले, पण गुडघे बघता मला बरंच वाटलं. लेक-जावई अॅडलेडला, त्यांनी सुट्टी काढली, मोठी गाडी भाड्याने घेतली आणि निघालो. पोर्ट ऑगस्टा सोडलं की स्टुअर्ट हायवे सुरू होतो तो थेट डार्विनपर्यंत, जवळपास 2,700 किलोमीटर. लाल माती, खुरटी झुडपं, तासन्‌तास गाव नाही, आणि मधेच समोरून रोड ट्रेन येते, पन्नास मीटरच्या वर लांब ट्रक, तो बाजूने गेला की आपली गाडी हलते चक्क. दिवस मावळल्यावर चालवायचं नाही हे जावयाने आधीच सांगितलं होतं, एक तर कांगारू आडवे येतात आणि भाड्याच्या गाडीच्या करारात लिहिलेलं असतं की अशा भागात रात्री काही झालं तर इन्शुरन्स लागू नाही. (तो करार नीट वाचा हं, कच्च्या रस्त्याचंही तसंच असतं.)

म्हणून कूबर पेडीला दुपारीच पोचलो. अॅडलेडपासून साडेआठशे किलोमीटर. इथे 1915 मध्ये ओपल सापडला आणि तेव्हापासून खणणं चालूच आहे, उन्हाळ्यात पारा चाळीसच्या पुढे जातो म्हणून लोकांनी घरंही जमिनीखाली कोरलीत, चर्चसुद्धा. गावाबाहेर उघड्या विहिरींसारख्या खाणी आहेत आणि फोटो काढताना उलटं चालू नका अशा पाट्या आहेत. बघण्यासारखं गाव आहे, ते चुकवू नका.

तर संध्याकाळी आम्ही उतरलो होतो त्या कॅरव्हॅन पार्कमध्ये एक म्हातारा आला. पांढरी दाढी, मळकी हॅट, बुटांवर लाल माती, गाडीच्या मागे फावडं. बोलायला इतका गोड की काय सांगू, क्रिकेटवरून सुरुवात केली, आमचे हे तिथेच अर्धे विरघळले. म्हणाला माझा स्वतःचा क्लेम (म्हणजे खणायच्या हक्काची जमीन) आहे, दुकानवाले दुप्पट लावतात, मी थेट देतो. मग काळं मखमली कापड पसरलं, त्यावर अंगठ्या मांडल्या आणि बाटलीतलं पाणी थोडंसं शिंपडून टॉर्च मारला. हिरवा, निळा, मधेच लालभडक ठिणगी, अंगठी जरा फिरवली की रंग पळतात. ब्लॅक ओपल म्हणाला, सगळ्यात महागडा.

आता आमच्या ह्यांना गुरुजींनी शुक्रासाठी ओपल सांगितलेला, हिऱ्याचं उपरत्न म्हणून. लेक म्हणाली बाबा उद्या दुकानात बघू. म्हातारा म्हणाला उद्या पहाटे मी खाणीवर जाणार. आणि कार्ड चालणार नाही, कॅश. एटीएम कुठे आहे तेही त्यानेच दाखवलं! सोबत एक सुंदर छापलेलं सर्टिफिकेट दिलं, जेन्युइन ऑस्ट्रेलियन ओपल, आणि हाताने लिहिलेली पावती. वर म्हणाला की एअरपोर्टवर ही दाखवा, टॅक्स परत मिळेल.

पहिली ठेच तिथेच लागली. बाहेरून आलेल्या माणसाला जाताना जीएसटी परत मिळतो हे खरं आहे, एका विक्रेत्याकडून 300 डॉलर किंवा जास्तीची खरेदी पाहिजे, निघायच्या आधीच्या 60 दिवसांतली, आणि पावतीवर विक्रेत्याचा एबीएन म्हणजे धंद्याचा नंबर लागतो. हजार किंवा जास्तीची असेल तर घेणाऱ्याचं नावही. काउंटरवरच्या बाईंनी पावती बघितली आणि शांतपणे परत दिली. एबीएन 11 आकडी असतो, आमच्या पावतीवर नऊच आकडे. लेकीने तिथेच उभ्या उभ्या सरकारी साइटवर शोधलं, कोणीही फुकटात शोधू शकतं, नाव सापडलं नाही. तेव्हाही हे म्हणत होते की अगं साधा खाणकामगार आहे, त्याला कागदपत्रं काय कळणार.

मग सांगलीला आलो. गुरुजींनी अंगठी काढायची नाही सांगितलेलं, म्हणजे आंघोळीला हातात, कुंड्यांना पाणी घालताना हातात. काही महिन्यांत खड्याच्या कडेने दुधट पट्टा दिसायला लागला आणि तो आत आत सरकायला लागला. मला वाटलं साबण बसलाय, ब्रशने घासला तर अजून वाढला.

सराफाने भिंग लावलं आणि आमच्यासमोरच खडा सेटिंगमधून बाहेर काढला. बाजूने बघितलं तर थेट सँडविच. वर काचेचा पारदर्शक घुमट, मधे कागदासारखी ओपलची चकती, खाली काळा तुकडा, आणि चिकटवलेल्या थरात बारीक बुडबुडे. ह्याला ट्रिपलेट म्हणतात, वरची काच नसेल आणि दोनच थर असतील तर डबलेट. पाणी कडेने गोंदात शिरतं आणि खडा धुरकट होतो. सर्टिफिकेट तसं खोटं नव्हतंच, मधली चकती जेन्युइन होती की! अंगठीला मागून आणि कडेने चांदीचं पूर्ण बंद कोंदण होतं, ते कशासाठी हे तेव्हा कळलं.

ट्रिपलेट विकणं गुन्हा नाही हे पण सांगते. चांगल्या दुकानात तसं लिहून, अख्ख्या खड्याच्या मानाने अगदी थोडक्यात मिळतात आणि दिसायला छान असतात. फसवणूक आहे ती अख्खा खडा म्हणून विकण्यात. आणि नंतर वाचलं तर कूबर पेडी प्रसिद्ध आहे ते फिकट, पांढऱ्या ओपलसाठी, ब्लॅक ओपलसाठी नाव आहे न्यू साउथ वेल्समधल्या लाइटनिंग रिजचं, म्हणजे दुसरंच राज्य. त्या म्हाताऱ्याच्या क्लेममधून तो खडा निघण्याची गोष्टच मुळात संशयास्पद होती.

तर घ्यायचाच असेल तर सुटा खडा घ्या, नाहीतर मागून उघडं सेटिंग. आडवा धरून कडेने बघा, दोन रंगांमधली रेघ सरळ पट्टीने आखल्यासारखी असेल तर थांबा, नैसर्गिक खड्यात ती सहसा वेडीवाकडी असते. पावतीवर ‘सॉलिड नॅचरल ओपल’ असं लिहून मागा आणि एबीएन पैसे द्यायच्या आधी मोबाइलवर तपासा. जो उद्या नाही म्हणतो आणि कार्ड नको म्हणतो त्याला नमस्कार करून खोलीत जा.

लेकीने तिथल्या राज्याच्या ग्राहक खात्याकडे तक्रार केली. उत्तर आलं, अगदी सभ्य, पण कॅश दिलेली, नाव खोटं, गाडीचा नंबर कोणी टिपला नव्हता, तर ते तरी कोणाला शोधणार. कार्डाने दिले असते तर निदान बँकेकडे दाद मागता आली असती. ह्यांनी आता पांढरा ओपल बघायला सुरुवात केलीय, ह्या वेळी लॅबच्या रिपोर्टसकट, आणि सराफाकडे मीही बरोबर जाणार आहे.