फौजदारीसाठी इंटर्नशिप: सत्र न्यायालय की उच्च न्यायालय?

बार कौन्सिलच्या नियमानुसार तीन वर्षांच्या एलएलबीला किमान १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला २० आठवडे इंटर्नशिप लागते, तीही एका वर्षात सलग चार आठवड्यांहून जास्त नाही. फौजदारीतच उतरायचं ठरवलं असेल, तर हे आठवडे कुठे घालवायचे ते विचार करून ठरवा.

उच्च न्यायालयातल्या चेंबरमध्ये कायदा शिकायला मिळतो. जामीन अर्ज, गुन्हा रद्द करण्यासाठीचे अर्ज, अपिलं. निवाडे शोधायचे आणि मसुदा इंग्रजीत लिहायचा. ऑगस्ट २०२५पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) सुरू झाल्याने सांगली-साताऱ्याच्या मुलांना त्यासाठी मुंबई गाठायची गरज नाही. बायोडाटावरही छान दिसतं, खोटं कशाला बोला!

पण तिथे खटला कागदावर येतो. तो घडतो खाली, सत्र न्यायालयात. सकाळी बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या खटल्यांची यादी, पाहायचा, दुपारी रिमांडला आलेल्या आरोपीच्या नातेवाइकांशी बोलायचं, दोषारोपपत्र मिळालं की पंचनामा आणि जबाब ओळीओळीने वाचायचे. हे कागद बहुतेक मराठीत, तेही पोलिसी मराठीत. साक्षीदार पोलिसांकडे काय बोलला आणि पिंजऱ्यात काय बोलतोय, यातल्या ओमिशन-कॉन्ट्रॅडिक्शन, म्हणजे वगळलेल्या गोष्टी आणि विसंगती, टिपायला तिथेच शिकता येतं. सरतपासणीच्या (साक्षीदाराला बोलावणाऱ्या बाजूच्या प्रश्नांच्या) वेळी मागच्या बाकावर बसून उलटतपासणीचे प्रश्न स्वतः लिहून काढा, मग वकीलसाहेब काय विचारतात ते पाहा. तोटेही आहेत. तारखांवर तारखा पडतात, काही जण इंटर्नला नुसत्या झेरॉक्स काढायला पाठवतात, आणि विद्यावेतनाची आशा धरू नका.

शिवाय १ जुलै २०२४च्या आधीचे गुन्हे अजून भारतीय दंड संहितेखालीच चालतात, नंतरचे भारतीय न्याय संहितेखाली. एकाच बोर्डावर खुनाला कुठे कलम ३०२, तर कुठे १०३. वर्गात सहसा एकच संच शिकवतात. कोर्टात दोन्ही लागतात.

माझं मत स्पष्ट आहे: आधी सत्र न्यायालय, शेवटच्या वर्षी उच्च न्यायालय. उलट क्रमाने गेलात तर अपिलातले साक्षीपुरावे वाचताना मुद्दा हातातून निसटतो. जिल्ह्यात कुणी ओळखीचं नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात विचारा; कोठडीतल्या आरोपींना मोफत वकील तिथूनच मिळतो.

न्यायाधीश व्हायचं असेल तरी हाच क्रम. मे २०२५च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीश (कनिष्ठ स्तर) या पहिल्या पायरीच्या पदाच्या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आणली. पदवीनंतर ती तीन वर्षं कुणाच्या हाताखाली काढायची, ते वकीलसाहेब बहुधा याच आठवड्यांत भेटतील.