जुन्या मॅगझिनसाठी नवी स्प्रिंग

कोल्ट 1911 पिस्तुलाच्या सात गोळ्यांच्या जुन्या मॅगझिनसाठी, म्हणजे गोळ्या भरायच्या पेटीसाठी, मागवलेली ही स्प्रिंग मूळ स्प्रिंगशेजारी ठेवली, तेव्हा ती जवळजवळ दोन वेटोळ्यांनी उंच भरली. शेवटची गोळी नीट वर न येणे आणि मॅगझिन रिकामे झाल्यावरही स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) मागे न अडकणे, या दोन्ही तक्रारी ती बसवताच थांबल्या. चांगली स्प्रिंग नुसती दाबून ठेवल्याने फारशी थकत नाही, ती थकते वारंवार दबण्या-सुटण्याने आणि गंजाने. तारेचे टोक मात्र खरखरीत निघाले. फॉलोअरखाली (गोळ्यांना वर ढकलणाऱ्या पट्टीखाली) घासू नये म्हणून ते बारीक पॉलिश पेपरने गुळगुळीत करावे लागले. वरची बाजू कोणती, हे सोबतच्या कागदावर छापलेलेच नाही, आणि ही हयगय मला अक्षम्य वाटते. तेलाचा हात अगदी हलका ठेवावा, कारण जास्तीच्या तेलाला धूळ चिकटते.